भैय्याजींचा रेडिओ आणि भिंतीवरचा तिसरा नियम

इतवारी, नागपूर
आश्विन वद्य चतुर्थी, शके १८९५

जावईबापू श्री. विश्वनाथराव यांस,

वयाने तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण माझ्या बहिणीचे, इंदूचे, यजमान, म्हणजे मानाने वरच्या पायरीवर. तेव्हा आशीर्वाद लिहावा की नमस्कार, या घोळात दरवेळी माझा अर्धा ताव वाया जातो. यावेळी दोन्ही एकदमच पाठवतो. लागू पडेल तो ठेवून घ्या, उरलेला इंदूला द्या. यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे. पण यावेळी विनंती काहीच नाही, सगळं विशेषच आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? लसणाचं तेल लावता की नुसतं लावतो म्हणता? धान निसवलं असेल. रानडुकरांनी यंदा बांधापलीकडेच राहायचं ठरवलं असेल तर पारशिवनीवर देवीची कृपाच म्हणायची. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आमच्या सौ. यमुनाबाई माझ्यावर रागावलेल्या आहेत आणि माझा खोकला आहे तिथेच आहे.

तुमचं पत्र दसऱ्याआधीच पोचलं. पोळ्यापासून रेडिओ मुका झाला, बातम्या ऐकायला सरपंचाच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं आणि तो बातम्यांच्या मधेमधे स्वतःच्या बातम्या सांगतो, हे वाचून जीव तुटला. एवढंच सांगतो, रेडिओ उघडू नका. दमट हवेचा परिणाम असेल. (रेडिओचं माणसासारखंच असतं, कधी कधी नुसतं गप्प राहावंसं वाटतं.) गावातल्या घड्याळवाल्याला तर त्याच्याजवळ फिरकू देऊ नका. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एस.टी.ने न जेवता निघालो, याचा तुम्हाला राग आलेला दिसतो. अहो, मारबत गाठायची होती. इतवारीचा माणूस मारबतीच्या मिरवणुकीला दिसला नाही तर लोक तो वारला समजतात आणि घरी भेटायला येतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, ‘आपलं मंडळ अजून चालू आहे काय?’ त्यातला ‘अजून’ मला चांगला कळला. चालू आहे. पण परवाच्या दसऱ्याला ते बंद व्हायचं होतं, ते कसं वाचलं आणि त्यात माझं काय झालं, ते ऐका.

सायकलचं दुकान मी पोराच्या हाती दिलं तेव्हा हात रिकामे राहिले. चौथी पास माणूस मी, पण चाकाचा आरा कुठे दुखतो हे मला आवाजावरून कळतं, ते कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून, शिव्या खाऊन शिकलो. मनात आलं, ज्याला शिकायचं त्याने शिव्या काहून खाव्या? म्हणून भांड्यांचे व्यापारी भैय्याजी यांच्या दुकानावरची रिकामी खोली मागून घेतली, दुकानातली जुनी हत्यारं नेऊन ठेवली आणि ‘सार्वजनिक यंत्र-अभ्यास मंडळ’ अशी पाटी लावली. (लोक ‘खोलखाल मंडळ’ म्हणतात. म्हणोत.) कोणीही यावं, बिघडलेली वस्तू आणावी, मिळून खोलावी, मिळून शिकावं. भिंतीवर मी स्वतःच्या हाताने, सायकलच्या रंगाने तीन नियम लिहिले. पहिला, हत्यारं सगळ्यांची. दुसरा, शिकवणीचं काही घेणार नाही. तिसरा, दाखवा म्हटल्यावर नाही म्हणू नये.

विश्वनाथराव, पहिल्या दोन नियमांनी मला कधी त्रास दिला नाही. तिसऱ्याने मात्र तीन वर्षांत माझे उरलेले केस पिकवले. त्यात काय होतं, सांगतो. समजा एक शिलाई मशीन दुरुस्त झालं. चाललं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एक जण येतो, काल तो सासरवाडीला गेलेला असतो. म्हणतो, मले दाखवा. नाही म्हणायची सोय नाही. खोललं. तो शिकला. जोडलं. तोवर तिसरा येतो. असं करत करत त्या मशीनने आमच्या खोलीत जेवढे लोक शहाणे केले तेवढे टाके घातले नाहीत. ते मशीन यमुनाबाईंचं होतं, हे मी उगाच लिहीत नाही. स्टोव्ह, टेबलफॅन, घड्याळं, सगळ्यांची हीच गत. आमच्याकडे आलेली वस्तू सुधारते, पण घरी जात नाही. तीन वर्षांत इतवारीत शंभर माणसं हुशार झाली आणि एकही वस्तू दुरुस्त झाली नाही, असा लौकिक दुसऱ्या कोणत्या मंडळाचा असेल तर मला कळवा.

भैय्याजी व्यापारी माणूस. मागल्या दसऱ्याला सोनं द्यायला वर आले, चारी बाजूंना उघडी पडलेली पोटं पाहिली आणि म्हणाले, “मारोतराव, इथं कोणती चीज बंद बी होते का? नुसता दवाखाना खोलून ठेवला, सुट्टी कोणालेच नाई!” मग खाली जाऊन गड्याकडून आपल्या वडिलांचा मोठा रेडिओ वर पाठवला. बाबूजी वारले त्या वर्षापासून तो मुका. निरोप असा की, पुढच्या दसऱ्याला हा माझ्यासमोर वाजला तर खोली मंडळाची. नाही वाजला तर एकादशीपासून मी तिथे पराती ठेवीन.

एक वर्षाची मुदत! मला वाटलं, कार्तिकातच वाजवून दाखवू. आणि खरंच वाजवला. आमच्या प्रेमलताबाई म्हणून एक मास्तरीणबाई आहेत. पोरांच्या वह्या तपासून आल्या की इथे तारांना कथील वितळवून डाख देतात, आणि डाख असा की तार सोनाराने घडवल्यासारखी दिसावी. त्यांनी रेडिओ कार्तिकात बोलता केला. मग कोणीतरी म्हणालं, मले दाखवा. पौषात बोलता केला. मले दाखवा. चैत्रात बोलता केला. मले दाखवा. श्रावणात नत्थूजी म्हणाले, मले दाखवा.

नत्थूजी कोण ते सांगतो. धान्यबाजारात मापाडी आहेत, पोती मोजून, शिवून द्यायची. हात बैलाचे आणि शंका लहान लेकराच्या. रेडिओच्या पोटात काचेचे पाच दिवे असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, त्यातला एक जरी गेला तरी रेडिओ बोलत नाही, एवढं मी त्यांना समजावलं. त्यांना तो दिवा उजेडात नीट पाहायचा होता. म्हणून त्यांनी मधला व्हॉल्व्ह सदऱ्याच्या खिशात घातला, उजेडात पाहायला खाली गेले, वाटेत कोणीतरी “नत्थूजी, हात लावा गा,” म्हटलं आणि त्यांनी भलेपणाने एक पोतं छातीशी धरलं. आवाज फार मोठा झाला नाही म्हणे. जाऊ द्या.

नवा व्हॉल्व्ह आणायला सीताबर्डी पालथी घातली. दुकानदार हसले. आता सगळे छोटे ट्रान्झिस्टर विकतात. एकाने तर तो व्हॉल्व्ह कसा दिसतो हे मलाच विचारलं. (दाखवा म्हणाला. इथेही!) शेवटी पोळ्याच्या सुमाराला एका परोपकारी माणसाकडून तो मिळाला. नाव सांगत नाही, काही लोकांना आपलं दान गुप्त राहिलेलं आवडतं. पण व्हॉल्व्ह मिळाला तरी बाकीच्या तारा कोणी कुठून काढल्या होत्या ते आठवायला महिना गेला, कारण प्रत्येकाला आपलीच जागा बरोबर आठवत होती. असं करत नवरात्रात अष्टमीला सकाळी रेडिओ वाजला. असा वाजला की खाली भैय्याजींच्या दुकानात पाण्याचे गुंड घ्यायला आलेल्या बाया वर पाहायला लागल्या.

मी शहाणपणा केला. रेडिओ बंद केला, त्यावर यमुनाबाईंचं नऊवारी पातळ दुहेरी गुंडाळलं आणि सुतळीच्या अकरा गाठी मारल्या. म्हटलं, आता दशमीला दुपारी चार वाजता भैय्याजींसमोरच हा घुंगट निघेल.

नवमीला सकाळी नत्थूजी आले. अष्टमीला ते कोराडीच्या देवीला गेले होते. कपाळाला मळवट तसाच. “काका, वाजून राहिला म्हणते रेडिओ!”

मी म्हटलं, “वाजून राहिला नत्थूजी, अन् वाजत राहू द्या गा.”

“सगळ्यायनं पाह्यला. म्या कोणाचं घोडं मारलं? मले दाखवा.”

मी पायाच पडायचा बाकी होतो. म्हटलं, उद्या भैय्याजी ऐकून जाऊ द्या, परवा दिवसभर हा रेडिओ तुमचा, उशाला घेऊन झोपा. नत्थूजी नुसते भिंतीकडे वळले. तुम्हाला सांगायचं राहिलं, नत्थूजींना वाचता येत नव्हतं. त्यांना अक्षरओळख प्रेमलताबाईंनी करून दिली ती आमच्याच खोलीत आणि भिंतीवरच्या नियमांवरच. त्यामुळे दुसरं काही वाचायला त्यांना वेळ लागतो, पण तिसरा नियम ते मंगलाष्टकासारखा म्हणतात. एकेका अक्षराखाली बोट ठेवत त्यांनी तो मला वाचून दाखवला. “दा-ख-वा म्हटल्यावर ना-ही म्हणू नये.” शेवटी विचारलं, “हे कोणी लिवलं, काका?”

आपलाच रंग, आपलाच कुंचला. कोणाला बोलणार? अकरा गाठी सोडल्या.

पण पेचकस कुठे? हत्यारांच्या खोक्यात काहीच नव्हतं. कोपऱ्यात पाहतो तर यमुनाबाई सकाळीच येऊन गेलेल्या. पाट मांडलेला, त्यावर पेचकस, पकड, कानस, हातोडी, डाख द्यायची कावी, सगळी मंडळी हळदकुंकू लावून, झेंडूच्या फुलांत, वऱ्हाडासारखी बसलेली. खंडेनवमी! दुकान होतं तेव्हापासूनचा तिचा नेम. एकदा कुंकू लागलं की दशमीला संध्याकाळी दहीभात दाखवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. नत्थूजी म्हणाले, पेचकस पूजेत तर बसू द्या, त्याला कशाला त्रास. आणि त्यांनी कनवटीचं दहा पैशाचं नाणं काढून चारी पेच फिरवले.

मी दाखवलं. हा व्हॉल्व्ह, ही तार, हा कर्णा. नत्थूजी म्हणाले, “ही तार कोणती?” आणि बोटाने धरून मला दाखवली. बोट बैलाचं, हे मी वर लिहिलंच आहे. तार त्यांच्या हातात आली.

आता डाख द्यायला कावी हवी. आणि कावी गळ्यात झेंडू घालून बसलेली. मी धावत घरी गेलो. यमुनाबाई म्हणाल्या, “काहून जी? वर्षातून एक दिस लोखंडाले सुट्टी. तुमाले नाई, त्याले.” मी म्हटलं, अगं, खोली जाईल, पराती येतील! तर म्हणाल्या, “खोली गेली तं गेली. माह्यं मशीन तं घरी येईन.” मी म्हटलं, निदान घरातलं उलथणं दे, तापवून काम भागवू. तर उलथणंही पूजेत. विळीही पूजेत, सुरीही पूजेत. (त्या दिवशी आमच्याकडे भोपळा दगडाने फोडून भाजी केली होती.) मी उंबऱ्यावर डोकं धरून बसलो तेव्हा तिला थोडी दया आली असावी, तिने सांडशी दिली. म्हणाली, “घ्या. हे हत्यार नोहे, हा माह्या हात आहे.”

सांडशी घेऊन खोलीवर आलो तर प्रेमलताबाई येऊन पोचलेल्या आणि नत्थूजी कोपऱ्यात मान खाली घालून. प्रेमलताबाईंनी सगळं ऐकलं आणि वर्गात विचारतात तसं विचारलं, “नत्थूजी, खिशात काय आहे?” नत्थूजींनी खिसा उलटा केला. गुलाल, नारळाची भकलं आणि पोती शिवायचं दाभण. एकटं तेच दाभण सगळ्या इतवारीत बिनपूजेचं राहिलं होतं, कारण मालक कोराडीहून परस्पर आले होते! खालच्या चहावाल्याची शेगडी वर मागवली. दाभण लाल केलं, सांडशीत धरलं. मी प्रेमलताबाईंच्या हातात द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, “मला काय देता, काका? दाखवायचं कोणाला होतं?”

दशमी उद्यावर आलेली, खोली जायच्या बेतात, आणि या बाईला शिकवणी सुचते! पण नियमच तो. नत्थूजींनी जन्मातला पहिला डाख दिला. जीभ बाहेर, घाम टपटप. पहिला थेंब माझ्या धोतरावर, दुसरा शेगडीत, तिसरा तारेवर बसला. दिसायला उंदराच्या लेंडीसारखा, पण बसला. रेडिओ लावला, बोलला. नत्थूजी एकदम खाली बसले आणि म्हणाले, “म्या बोलवला काय, वं बाई?” त्या म्हणाल्या, “तुम्हीच.” (मला धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं. शेगडी फार धुरकट होती.)

दसऱ्याला बरोबर चार वाजता भैय्याजी आपट्याची पानं घेऊन आले. मागे दोन गडी, डोक्यावर पराती. व्यापारी माणूस, दोन्ही तयारी ठेवून येतो. मी बटण फिरवलं. आधी घुर्र, मग सनई लागली. भैय्याजी टोपी काढून उभेच राहिले. म्हणाले, “बाबूजी असेच कान लावून बसत. मले हात नाई लावू देत. म्हणत, तू तोडशील.” अर्धा तास ऐकलं. गड्यांना पराती खाली न्यायला सांगितल्या. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलून टाकला. सगळं पार पडलं होतं, विश्वनाथराव! एवढ्यावर ते गेले असते तर हे पत्र एका पानात संपलं असतं.

भैय्याजी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, “पण मारोतराव, हा बोलते कसा? मले दाखवा.”

मी नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी भिंतीकडे पाहत होते.

प्रेमलताबाईंनी विजेची पिन काढली, भैय्याजींनी स्वतःच्या नाण्याने पेच काढले, साठीचा माणूस मांडी घालून बसला आणि बापाने हात लावू न दिलेल्या रेडिओत कोपरापर्यंत हात घातला. मधल्या व्हॉल्व्हला हात लावू नका, तापलेला आहे, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी तो उपटला होता. बोटं पोळली, हात झटकला, आणि व्हॉल्व्ह भिंतीवर, तिसऱ्या नियमाच्या बरोबर खाली जाऊन फुटला.

मला वाटलं, आता पराती परत वर येतात. भैय्याजी बोट तोंडात धरून बसले होते. मग म्हणाले, “बाबूजी बराबर म्हणत. तोडलाच म्या.” आणि असे हसायला लागले की खालचे गडी वर धावून आले. शब्दाचा माणूस; वाजला होता, तेव्हा खोली मंडळाची. वर म्हणाले, “आता हा म्याच बोलवीन. रोज चारला येत जातो.” आणि येतात हो! आठ दिवस झाले, दुकान गड्यांवर सोडून रोज चारला येऊन बसतात, प्रत्येक तारेचं नाव विचारतात आणि पाचव्या मिनिटाला म्हणतात, “अन् व्हॉल्व्ह कदी येऊन राहिला?” घरचं झालं थोडं, त्यात हे घोडं.

असो. कळवण्यासारखं होतं तेवढं कळवलं. न कळवण्यासारखं खाली आहे. घरच्या बैलजोडीच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

तुमचा,
मारोतराव

ता. क. – तो परोपकारी माणूस म्हणजे तुम्ही. तुमच्या रेडिओत दमट हवा वगैरे काही नाही, मधला व्हॉल्व्ह नाही. तो रेडिओ मीच दिवाळीला दिलेला, म्हणून सगळ्या जिल्ह्यात त्याच जातीचा एक मला माहीत होता. पोळ्याला तुम्ही बैलं तोरणाखाली घेऊन गेलात तेव्हा काम झालं. मारबतीचं निमित्त होतं. तुमच्या डोळ्याला डोळा देऊन जेवायची हिंमत नव्हती. बहिणीच्या घरचं फुकट पाणीही पिऊ नये म्हणतात, मी तिच्या घरचा आवाज उचलून आणला. दसऱ्याला परत आणून बसवीन असं ठरवलं होतं. तो आता भिंतीखाली आहे, केरसुणीने गोळा केलेला.

ता. क. दुसरा – वर ‘काम झालं’ असं मोघम लिहिलं आहे. व्हॉल्व्ह मी काढला नाही. इंदूने काढला. मी रेडिओचं पाठीमागचं फळकूट सोडवत होतो तेवढ्यात ती पुरणाचा हात पुसत आली. मला वाटलं ओरडेल. तर शेजारी बसली आणि म्हणाली, “दादा, मले दाखव ना.” ती आठ वर्षांची असताना दुकानात माझ्याजवळ बसून हेच म्हणायची, आणि मी म्हणायचो, जा वं, पोरींचं काम नाही हे. ती उठून जायची. तिसरा नियम मी कशासाठी लिहिला ते मी इतवारीत कोणालाच सांगितलेलं नाही. तिने व्हॉल्व्ह असा अलगद काढला की प्रेमलताबाईंनीही मान डोलवावी. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ता. क. तिसरा – वर लिहिलं की विनंती काही नाही. एक आहे. भाऊबीजेला इंदूला रेडिओसकट पाठवा आणि पंधरा दिवस राहू द्या. आमच्या रेडिओत चार व्हॉल्व्ह आहेत, तुमच्यात चार. मधला दोन्हींत नाही हे मला कळतं, तरी दोन मुक्यांतून एक बोलका होतो का ते तिने करून पाहावं. झाला तर तो पारशिवनीला येईल, भैय्याजींची समजूत मी काढतो. तुम्हाला स्वतः विचारायची तिला लाज वाटते, म्हणून पोळ्यापासून मला तीन कार्डं लिहिली आणि तिन्हींत एकच ओळ. ती ओळ तुम्हाला पाठ झाली असेल. नाही म्हणू नका.